गाईच्या पोटांतील अदृश्य कामकरी

घरीं लग्नकार्य उरकलें म्हणजे उरलेला भात, पोळ्या, बुंदी हें सर्व घमेल्यांत घालून गाईपुढें ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. अन्न वायां जाऊं नये आणि मुक्या जनावरानेंही तृप्त व्हावें, हा त्यांतील हेतु चांगलाच होय. परंतु कित्येक घरीं दुसरे दिवशींच ती गाय वैरणीस तोंड लावीत नाहीं, रवंथ बंद पडतो, आंबूस वासाचें पातळ शेण पडूं लागतें, डोळे खोल जातात, आणि एक-दोन दिवसांत ती बसते ती पुन्हां उठत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, दृष्ट लागली. कोणी म्हणतात, अन्नांत कांहीं विषारी पडलें असावें. वस्तुतः अन्नांत विष नव्हतें. तेंच अन्न पंगतीस बसलेल्या शेंकडों माणसांना पचलें. मग तें गाईलाच कां भोंवावें?

ह्या प्रश्नाचें उत्तर गाईच्या पोटांत राहणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांच्या व्यवहारांत आहे. हे जीव डोळ्यांस दिसत नाहींत. तथापि गाईचें दूध, तिचें मांसबळ व तिचें आयुष्य हीं बहुतांशीं त्यांच्यावर अवलंबून असतात. म्हणून गाय बाळगणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास त्यांची ओळख असणें अवश्य आहे.

गाय गवत पचवीत नाहीं

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिलें कोटीपोट, दुसरें जाळीपोट, तिसरें पडदेपोट आणि चौथें खरें पोट. आपल्या जठराशीं जुळणारें असें हें चौथेंच होय. पाचक रस तेथेंच सुटतो. पहिल्या तिहींत गाईचा स्वतःचा पाचक रस मुळींच नसतो. असें असून आकारानें सर्वांत मोठें तें कोटीपोटच आहे. पूर्ण वाढलेल्या गाईच्या कोटीपोटांत १०० ते २०० लिटर माल मावतो.

कडबा, गवत, भुसा ह्यांचा मुख्य भाग म्हणजे तंतुमय काष्ठद्रव्य. तें पचविण्याची शक्ति मनुष्याच्या पोटांत नाहीं; आणि वाचकांस आश्चर्य वाटेल, पण ती गाईच्या स्वतःच्या अंगींही नाहीं. गाय कडब्यावर जगते ती कोटीपोटांतील सूक्ष्म जीव तो कुजवून, आंबवून देतात म्हणून. मुरघासाचा खड्डा शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. हवा बंद करून हिरवी वैरण आंबविली म्हणजे ती टिकते. कोटीपोट हाही एक तसाच आंबवणीचा खड्डा समजावा. मात्र तो नित्य चालू असतो. त्यांत वरून वैरण पडत असते, खालून तयार माल पुढें जात असतो, उष्णता सुमारें ३९ अंश सेल्सिअस राखलेली असते आणि प्राणवायूचा जवळ जवळ अभाव असतो.

ह्या खड्ड्यांतील वस्ती केवढी आहे ह्याची कल्पना करणें कठीण आहे. कोटीपोटांतील द्रवाच्या एका मिलिलिटरांत, म्हणजे वीस-एक थेंबांत, सुमारें १,००० कोटि किंवा त्याहूनही अधिक जंतु असतात. पृथ्वीवरील एकंदर मनुष्यसंख्येहून हा आंकडा मोठा आहे. त्यांजबरोबर आकारानें पुष्कळ मोठे असे एकपेशीय आदिजीव आणि विशिष्ट जातीच्या बुरशाही तेथें नांदतात. १८४३ सालीं ग्रूबी आणि देलाफों ह्या फ्रान्समधील विद्वानांनीं ह्या आदिजीवांचें प्रथम वर्णन केलें. परंतु जंतूंचा अभ्यास बरींच वर्षें अडून राहिला. कारण हे जीव हवा लागतांच मरतात, व हवेंत ते वाढवावे कसे हें कोणास साधेना. रॉबर्ट हंगेट ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें प्राणवायु वगळून ते नळींत वाढविण्याची रीत बसविली, आणि ह्या शास्त्राचा पाया घातला गेला. बुरशांची गोष्ट तर याहून अलीकडची आहे. पूर्वीं ज्यांस आदिजीव समजत, त्यांपैकीं कांहीं खरोखर बुरशीचे बीजकण आहेत, असें इंग्लंडांत कॉलिन ऑर्पिन ह्यांनीं १९७५ सालीं दाखवून दिलें.

हे कामकरी देतात काय?

एकटा कोणताही जंतु सर्व काम करीत नाहीं. बुरशी कडब्याच्या कठीण तंतूंत शिरून ते फोडते. कांहीं जंतु तंतूंस चिकटून काष्ठद्रव्याची साखर करतात. दुसरे त्या साखरेपासून आम्लें तयार करतात. आणि तिसरे ह्या व्यवहारांत सुटणारा हायड्रोजन वायु घेऊन त्याचा मिथेन बनवितात. एकाचें टाकाऊ तें दुसऱ्याचें अन्न, असा हा बलुतेदारीसारखा व्यवहार आहे.

ह्यांत तयार होणारीं आम्लें मुख्यतः तीन. पहिलें असेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यांत असतें तें; दुसरें प्रोपिऑनिक; तिसरें ब्युटिरिक. हीं कोटीपोटाच्या अस्तरांतून सरळ रक्तांत शोषलीं जातात, आणि गाईला लागणाऱ्या शक्तीचा सुमारें दोनतृतीयांश भाग त्यांपासूनच मिळतो. असेटिक आम्लापासून कासेंत दुधाचें स्निग्ध द्रव्य बनतें. प्रोपिऑनिक आम्लापासून यकृतांत साखर बनते व तिच्यापासून पुढें दुधांतील साखर होते. कडबा-गवत अधिक असेल तर पहिलें आम्ल वाढतें. धान्य व आंबोण अधिक असेल तर दुसरें वाढतें. आंबोण भरपूर वाढवून वैरण कमी केली कीं दूध वाढलेलें दिसतें, पण डेअरींत फॅट उतरते, असा अनुभव पुष्कळांस आलेला असेल. त्याचें एक मुख्य कारण हेंच होय.

दुसरी देणगी नत्रयुक्त अन्नाची. जंतु कोटीपोटांत वाढतात, प्रवाहाबरोबर पुढें वाहत चौथ्या पोटांत येतात, आणि तेथें गाय त्यांनाच पचविते. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग ह्या मेलेल्या जंतूंच्या शरीरांपासून येतो. हे जंतु साध्या अमोनियापासूनही आपलें शरीर बनवूं शकतात. फिनलंडमधील प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन ह्यांनीं ह्याचा कसोटीचा प्रयोग केला. वैरण टिकविण्याच्या रीतीबद्दल व शेतकीच्या रसायनशास्त्रांतील संशोधनाबद्दल त्यांस १९४५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. पुढें त्यांनीं गाईंना प्रथिनें वगळून केलेला खुराक दिला, नत्र केवळ यूरिया व अमोनियाच्या क्षारांतून पुरविलें, आणि तरीही त्या गाईंनीं दूध दिलें. १९६६ सालीं त्यांनीं हा वृत्तांत प्रसिद्ध केला. ब वर्गांतील जीवनसत्त्वेंही हेच जंतु तयार करून गाईस देतात.

ह्या ज्ञानाचा शेतकऱ्यास प्रत्यक्ष उपयोग आहे. १०० किलो वाळलेल्या भाताच्या पेंढ्यावर किंवा गव्हाच्या भुशावर ४ किलो यूरिया सुमारें ५० लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडावा, तुडवून दाबावा, आणि ढीग हवा लागणार नाहीं असा झांकून तीन आठवडे ठेवावा. अशा वैरणींतील तंतु मऊ पडतात व जंतूंस नत्र मिळतें. काढल्यावर वैरण थोडा वेळ पसरून उग्र वास जाऊं द्यावा. परंतु यूरिया म्हणजे पेंड नव्हे, हें पक्कें ध्यानांत असावें. तो नुसता किंवा पाण्यांत कालवून गुरांस कधींही देऊं नये. यूरियाचें पोतें व त्याचें पाणी गुरांच्या तोंडीं लागणार नाहीं असें ठेवावें. एकदम पोटांत गेल्यास जंतूंस न आवरेल इतका अमोनिया सुटतो, तो रक्तांत भिनतो आणि जनावर तासाभरांतही दगावतें. सहा महिन्यांखालील वासरांस अशी वैरण मुळींच घालूं नये.

लग्नाच्या भातानें काय होतें?

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. नेहमींच्या चाऱ्यावर कोटीपोटांतील द्रव किंचितच आंबट असतो, व तंतु पचविणाऱ्या जंतूंस तो मानवतो. त्यांत रोज इतकीं आम्लें होत असून तो फार आंबट होत नाहीं, ह्याचें श्रेय लाळेस आहे. गाय दिवसाकाठीं १०० लिटरहून अधिक लाळ गिळते, आणि त्या लाळेंत खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार असतो. लाळ सुटते ती चघळण्यानें व रवंथ करण्यानें. आणि रवंथ येतो तो लांब तंतूच्या वैरणीनें. म्हणून कडब्याची कुट्टी एक-दोन इंच ठेवावी. पिठासारखी बारीक करूं नये.

भात, पोळ्या, पीठ किंवा दळलेलें धान्य एकदम पुष्कळ पोटांत गेलें म्हणजे ही घडी विसकटते. शिजलेल्या अन्नांतील पिष्ट लगेच फुटतें. एरवीं अल्पसंख्य असणारे, पण खाद्य मिळतांच अर्ध्या तासाच्या आंत दुप्पट होणारे असे कांहीं जंतु तेथें असतात. ते झपाट्यानें माजतात व दह्यांत असतें तें लॅक्टिक आम्ल तयार करूं लागतात. हें आम्ल वरील तिन्ही आम्लांहून पुष्कळ तीव्र आहे. आंबटपणा वाढला कीं तंतु पचविणारे जंतु व आदिजीव मरूं लागतात. लॅक्टिक आम्ल खाऊन संपविणारे जे जंतु असतात, तेही टिकत नाहींत. मग आंबटपणांतच वाढणारे दुसरे जंतु पुढें येतात आणि आम्ल आणखीच वाढतें. अस्तर भाजून निघतें. रक्तांतील पाणी कोटीपोटांत ओढलें जातें. डोळे खोल जातात. आम्ल रक्तांत चढतें व जनावर बसतें. जें वांचतें, त्याचेही खूर पुढें बिघडतात. ज्या गाईस रोज थोडें थोडें धान्य मिळत असतें तिच्या पोटांत धान्यावर काम करणारी वस्ती तयार असते. जी केवळ कडब्यावर आहे, तिला तो घमेलाभर भात अधिक घातक होतो.

असा प्रसंग आल्यास घरगुती औषधांत वेळ न दवडितां पशुवैद्यास ताबडतोब बोलवावें, आणि गाईनें काय व किती खाल्लें हें त्यास स्पष्ट सांगावें. धान्य व आंबोण पूर्ण बंद करून पुढें केवळ वाळली वैरण ठेवावी. योग्य वेळीं उपचार झाल्यास गाय वांचते. आम्ल मारल्यानंतर पशुवैद्य पुष्कळदां निरोगी गाईच्या कोटीपोटांतील द्रव काढून आजारी गाईस पाजतात. त्याचा हेतु उजाड झालेल्या जागीं पुन्हां वस्ती बसविणें हाच असतो.

पावसाळ्यांत कोंवळा, ओला लसूणघास भरपूर खाल्ल्यानें होणारी पोटफुगी ही ह्याच जातीची, पण निराळी आपत्ति आहे. कोटीपोटांत वायु नेहमींच सुटत असतो, व गाय तो ढेंकरेनें बाहेर टाकते. कोंवळ्या घासानें त्याचा घट्ट फेस होतो आणि ढेंकर येत नाहीं. फेस मोडावा म्हणून गोडें तेल देतात तें ह्याच कारणास्तव. असा घास थोडा सुकवून व आधीं वाळली वैरण घालून द्यावा, हा खबरदारीचा मार्ग.

सुबाभळीची गोष्ट

सूक्ष्म जीवांची वस्ती सर्वत्र सारखी नसते, ह्याचें एक उत्तम उदाहरण सुबाभळीचें आहे. हें झाड मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिका येथील. महाराष्ट्रांत उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेनें त्याचा मोठा प्रसार केला, व आज तें अनेक बांधांवर उभें आहे. त्याचा पाला प्रथिनांनीं समृद्ध असतो. परंतु त्यांत मिमोसीन नांवाचें विषारी द्रव्यही असतें. ऑस्ट्रेलियांत हा पाला भरपूर खाणाऱ्या गुरांचे केस झडत, गळ्यांतील ग्रंथि फुगे व वजन घटे. उलट हवाई बेटांत तोच पाला पोटभर खाऊन शेळ्या धडधाकट राहत.

ऑस्ट्रेलियांतील रेमंड जोन्स ह्यांनीं तर्क केला, कीं फरक पाल्यांत नसून पोटांतील जंतूंत असला पाहिजे. हवाईतील शेळ्यांच्या कोटीपोटांतील जंतु त्यांनीं ऑस्ट्रेलियांतील जनावरांच्या पोटीं घातले. आणि तीं जनावरेंही पाला निर्धास्त पचवूं लागलीं. एका जनावराकडून कळपांतील दुसऱ्यांकडेही ते जंतु पसरले. हा यशस्वी प्रयोग १९८६ सालीं प्रसिद्ध झाला, व १९९२ सालीं त्या जंतूस सिनर्जिस्टेस जोन्साय असें जोन्स ह्यांचें नांव मिळालें. जें काम जनावराचें औषधपाणी करूं शकलें नाहीं, तें एका जंतूनें केलें.

आपण ह्यावरून इतकेंच घ्यावें, कीं सुबाभळीचा पाला थोड्या प्रमाणांत सुरू करून हळूहळू वाढवावा आणि एकंदर चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापुढें नेऊं नये. घोड्यांस तो घालूं नये. रवंथ न करणाऱ्या जनावरास हा आधार नसतो.

वासराचें पोट कसें बसतें?

वासरूं जन्मतें तेव्हां त्याचें कोटीपोट लहान व निकामी असतें. प्यालेलें दूध एका पन्हाळीवाटे सरळ चौथ्या पोटांत जातें. आईच्या चाटण्यानें, तिच्या लाळेनें, गोठ्यांतील गवतानें जंतु हळूहळू वासराच्या पोटांत येतात व स्थिरावतात. आदिजीव तर दुसऱ्या रवंथ करणाऱ्या जनावराच्या सहवासाशिवाय येतच नाहींत. अगदीं एकटें वाढविलेलें वासरूं त्यांच्यावांचून राहतें.

नुसत्या दुधावर कोटीपोट वाढत नाहीं. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर भरडा, कोंवळें गवत आणि स्वच्छ पाणी पुढें ठेवावें. भरड्यावर जंतूंनीं केलेल्या आम्लांमुळेंच कोटीपोटाच्या अस्तरास शोषण करणाऱ्या बारीक जिभल्या फुटतात. चीक मात्र जन्मल्यापासून तास-दोन तासांच्या आंत पाजलाच पाहिजे. रोगाशीं झगडणारीं द्रव्यें त्यांतूनच मिळतात, आणि तीं शोषून घेण्याची आंतड्यांची शक्ति एका दिवसांत सरते. घरांतील खरवसाचा वांटा वासराच्या वांट्यानंतरचा समजावा.

सडांवरील वस्ती

सूक्ष्म जीव पोटांतच राहतात असें नाहीं. कातडीवर व सडांवरही त्यांची वस्ती असते. त्यांपैकीं बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु कांहीं जंतु सडाच्या छिद्रांतून आंत शिरले म्हणजे दगडी, म्हणजे कासेचा दाह, होतो. त्यांतील एक गट रोगी कासेंतून धार काढणाऱ्याच्या हातांनीं व फडक्यानें निरोगी गाईकडे जातो; दुसरा शेणांतून व ओल्या जमिनींतून येतो. म्हणून धारेपूर्वीं हात व सड धुवून प्रत्येक गाईस निराळ्या कोरड्या फडक्यानें पुसावेत. पहिल्या धारा निराळ्या भांड्यांत काढून गुठळ्या आहेत काय हें पाहावें. रोगी गाईची धार शेवटीं काढावी. धारेनंतर सडाचें तोंड कांहीं वेळ उघडें राहतें. त्या वेळीं गाईपुढें वैरण टाकावी, म्हणजे ती खाली न बसतां अर्धा-पाऊण तास उभी राहील.

दगडीवर प्रतिजैविक औषध द्यावें लागलें तर तें पशुवैद्याच्या सल्ल्यानेंच द्यावें, आणि त्यानें सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध विक्रीस घालूं नये. अशा दुधास विरजण नीट लागत नाहीं, कारण औषध दह्याच्या जंतूंनाही मारतें. मोठ्या गाईस तोंडावाटे दिलेलें असें औषध कोटीपोटांतील उपयोगी वस्तीही उध्वस्त करतें, हेंही विसरूं नये.

तात्पर्य

वरील विवेचनावरून व्यवहाराचे नियम थोडक्यांत असे निघतात. चारा किंवा आंबोण बदलावयाची असल्यास दोन-तीन आठवडे घेऊन थोडी थोडी बदलावी. वस्तीस नवें काम शिकण्यास तितका अवधि लागतो. आंबोण एकदम न देतां दिवसांतून दोन-तीनदां वांटून द्यावी. लांब तंतूची वैरण रोज असावीच. पाणी भरपूर असावें. आणि गाय बसली असतां ती रवंथ करते किंवा नाहीं, हें रोज पाहावें. रवंथ चालू आहे तोंवर आंतील कामकरी कामावर आहेत असें समजावें. रवंथ थांबला तर दुधाची वाट न पाहतां त्याच दिवशीं चौकशी करावी.

आपण गव्हाणींत जें टाकतों तें आधीं ह्या जीवांस मिळतें, आणि त्यांनीं राखलेल्या शिलकेंतून गाय आपणांस दूध देते. तेव्हां पुढील लग्नकार्यांत गोग्रास म्हणून पानांतील एक घास गाईस अवश्य द्यावा. त्यानें तिला बाधा होत नाहीं. उरलेल्या भाताचें घमेलें मात्र तिच्यापुढें न ठेवतां खताच्या खड्ड्यांत टाकावें, आणि तिला नेहमींची कडब्याची पेंढी घालावी.